एमी २०२५ आणि आपल्याकडे कापले जाणारे पुरस्कार

कात्री · १६ सप्टेंबर २०२५, रात्री ११.४०

काल पहाटे साडेपाचला उठून एमी पुरस्कारांचा, म्हणजे अमेरिकेतल्या टीव्हीच्या पुरस्कारांचा, सोहळा लाइव्ह पाहिला. उठून म्हणणंही खरं नाही, कारण रात्रभर एपिसोड लावून, म्हणजे संकलन करून, मी तेव्हाच कर्वेनगरला घरी पोचले होते. तिकडे लॉस एंजेलिसला रविवारची संध्याकाळ, इकडे सोमवारचं दूधसुद्धा यायचं होतं. झोप सोडून बसले आणि फार बरं केलं असं वाटतंय.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा ७७वा सोहळा. ड्रामा गटात 'द पिट', विनोदी गटात 'द स्टुडिओ', मर्यादित भागांच्या गटात 'अ‍ॅडोलसन्स'. 'द स्टुडिओ'ला सगळे मिळून १३ पुरस्कार, विनोदी मालिकेला एका वर्षात एवढे आजवर मिळाले नव्हते. सर्वांत जास्त, म्हणजे २७ नामांकनं 'सेव्हरन्स'ची होती, पण सर्वोत्कृष्ट ड्रामाचा मान 'द पिट'ने नेला. 'सेव्हरन्स'च्या ब्रिट लोअर आणि ट्रॅमेल टिलमन यांना अभिनयासाठी मिळाले. ड्रामातला सहायक अभिनेत्याचा पुरस्कार घेणारा टिलमन हा पहिला कृष्णवर्णीय नट आहे. आणि 'अ‍ॅडोलसन्स'ने एका रात्रीत सहा पुरस्कार उचलले. त्यातला ओवेन कूपर हा पोरगा १५ वर्षांचा. कॅमेऱ्यासमोरचं पहिलंच काम, आणि अभिनयाचा एमी मिळवणारा तो आजवरचा सर्वांत लहान मुलगा.

पण मला लिहायचंय ते आधीच्या शनिवार-रविवारबद्दल. एमीचे बहुतेक पुरस्कार मुख्य सोहळ्यात दिलेच जात नाहीत. इतके आहेत की एका रात्रीत मावत नाहीत, म्हणून आठवडाभर आधी दोन रात्री 'क्रिएटिव्ह आर्ट्स'चा वेगळा सोहळा होतो. छायाचित्रण, संकलन, ध्वनी, कलादिग्दर्शन, वेशभूषा, रंगभूषा, केशभूषा, कलाकारनिवड, स्टंट, अगदी शीर्षकाची मांडणीसुद्धा. यंदा तो ६ आणि ७ सप्टेंबरला झाला. तारीख बघा, ६ तारखेला आपली अनंत चतुर्दशी. रविवारी सकाळी मी मिरवणूक बघून अलका चौकाकडे येत होते, मंडळं अजून रांगेत होती, ढोलांनी कान बसले होते. लक्ष्मी रोडवर एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकले आणि मोबाइलवर पहिल्या रात्रीची यादी वाचायला घेतली. 'सेव्हरन्स'च्या छायाचित्रणासाठी जेसिका ली गान्ये. एका तासाच्या मालिकांमध्ये छायाचित्रणाचा एमी घेणारी पहिली बाई. ते वाचलं आणि त्या गर्दीत माझे डोळे भरून आले. गुलालामुळे असेल असं शेजारच्या आजींना वाटलं, त्यांनी पदराने माझा चेहरा पुसून दिला.

आता हे पुरस्कार देतं कोण, तेही सांगते, कारण सगळं त्याच्यातच आहे. तिथल्या टेलिव्हिजन अकादमीचे वीस हजारांहून जास्त सभासद आहेत आणि ते आपापल्या कामानुसार गटांत वाटलेले आहेत. संकलनाला मत संकलकांचं, ध्वनीला मत ध्वनीवाल्यांचं. सर्वोत्कृष्ट मालिका कोणती ते सगळे मिळून ठरवतात. म्हणजे ज्याने आयुष्यभर हेच काम केलंय, तो तुमचं काम बघून म्हणतो की होय, हे जमलंय.

मी मराठी दैनंदिन मालिकांची संकलक आहे. बारा वर्षं झाली. आपल्याकडे वाहिनी आपल्याच मालिकांना पुरस्कार देते. त्यात सर्वोत्कृष्ट जोडी असते, कुटुंब असतं, सासू असते, सून असते, खलनायिका असते. त्याबद्दल माझी तक्रार नाही, लोकांना ते आवडतं. माझं म्हणणं वेगळं आहे आणि ते सांगायला मला माझीच एक गोष्ट सांगावी लागेल.

सहा-सात वर्षांपूर्वी एका पुरस्कार सोहळ्याचं संकलन माझ्याकडे आलं. कुणाचा होता ते लिहीत नाही. रेकॉर्डिंग दुपारी सुरू झालं ते उत्तररात्री संपलं. तांत्रिक पुरस्कार दुपारीच, निम्म्या खुर्च्या रिकाम्या असताना देऊन टाकले. त्यात ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार माझ्या ओळखीच्या एका दादांना होता. आम्ही एकाच मालिकेवर पाच वर्षं काम केलेलं. फुटेजमध्ये दादा स्टेजवर येतात. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला रोजचं पेन. ट्रॉफी डाव्या हातात घेतात, उजव्या हाताने आधी माइक बोटभर खाली करतात, तोंडापासून थोडा बाजूला वळवतात, आणि मग बोलतात. फू येऊ नये म्हणून. त्या क्षणीसुद्धा त्यांना तेच सुचलं. दोनच वाक्यं बोलले. नाव पुकारल्यापासून विंगेत जाईपर्यंत ३८ सेकंद.

सोहळा जाहिराती धरून ठरलेल्या वेळात बसवायचा होता. निरोप आला, टेक्निकल काढ, डान्स ठेव. मी काढलं. इन लावला, आउट लावला, बटण दाबलं. मागचं फुटेज सरकून पुढच्याला चिकटलं, आणि तिथे काही होतं हे कळायलासुद्धा फट राहिली नाही.

ज्या रविवारी तो सोहळा लागला, त्या दिवशी दादांच्या आईने बिबवेवाडीच्या घरी शेजारणींना बोलावलं होतं. शेवटपर्यंत बसल्या सगळ्या. दुसऱ्या दिवशी चहाला दादा मला एवढंच म्हणाले, "राहिलं वाटतं गं आपलं." मी "हो ना" म्हणाले. कापलं मी, हे मी त्यांना आजपर्यंत सांगितलेलं नाही.

ते तिकडे दोन रात्री देतात. आपल्याकडे ३८ सेकंद निघत नाहीत. यावर तुम्हाला काय वाटतं ते वाचायचंय.

मुठेकाठी · १७ सप्टेंबर, सकाळी ७.१५

कात्री, सकाळी सकाळी वाचलं आणि चहा गार झाला. 'अ‍ॅडोलसन्स' मी पाहिली. एक प्रश्न विचारतो. चारही भाग सलग एका टेकमध्ये घेतलेत, कुठेच कट नाही. म्हणजे त्यात संकलकाला काही कामच नाही. मग तुला ती एवढी कशी आवडली?

कात्री · १७ सप्टेंबर, सकाळी ११.०५

आवडली म्हणजे काय, दोनदा पाहिली. मुठेकाठी, कट नसला तरी लय असतेच की. आम्ही टेबलावर जी लय लावतो ती त्यांनी तालमीत लावली. एकेका भागाची आधी आठवडे तालीम, मग शेवटच्या आठवड्यात दिवसातून दोन टेक. कोण कधी दारातून येणार, कॅमेरा कोणाच्या पाठीमागून निघणार, किती श्वास थांबायचं, हे सगळं कापाकापीचंच काम आहे, फक्त आधी केलेलं. दुसऱ्या भागाच्या शेवटी कॅमेरा चालता चालता ड्रोनला अडकवलाय, तो गावावरून उडत जातो आणि खाली उतरून बापाच्या चेहऱ्यावर येतो. मॅथ्यू लुईसला छायाचित्रणाचा मिळाला तो उगाच नाही.

आणि ध्वनीवाल्यांचा विचार कर. कॅमेरा तोंड फिरवून मागे बघणार आहे. बूम, म्हणजे लांब काठीवरचा माइक, धरणाऱ्याने उभं कुठे राहायचं?

वाड्यातले आजोबा · १७ सप्टेंबर, दुपारी १.३०

मी वय वर्षे ७१. इथे फारसं लिहीत नाही, वाचतो. कात्री बाळ, तुझ्या लेखाने जुनं आठवलं म्हणून लिहितो.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पुढच्या वर्षी सिंहगडावर सहक्षेपण केंद्र आलं, तेव्हा पुण्यात चित्र दिसायला लागलं. आमच्या वाड्यात पहिला संच मालकांकडे आला. लाकडी शटरचा. गच्चीवर अँटेना लावायची तर तोंड सिंहगडाकडे. वाऱ्याने फिरली की चित्रात मुंग्या. मग एक जण वर, एक जिन्यात, एक संचासमोर. "आलं का?" "नाही." "आता?" "थोडं डावीकडे." "आलं आलं, सोड." त्या वेळी मालिकेच्या शेवटी जी नावांची पट्टी यायची ती आम्ही शेवटपर्यंत वाचायचो. का तर नंतर दुसरं काही नव्हतंच लागणार. कॅमेरा कोणी केला, संकलन कोणाचं, आम्हाला पाठ असायचं. माझी आई म्हणायची, याचं नाव आलं म्हणजे कार्यक्रम चांगला असणार.

आता ती पट्टी इतक्या जोरात पळते की डोळे दुखतात, आणि निम्मी होते न होते तोच ती दाबून पुढच्या कार्यक्रमाची जाहिरात सुरू. मला वाटतं तुझे ३८ सेकंद जाण्याची सुरुवात तिथे झाली.

एक माहिती. ती एमीची बाहुली आहे ना, पंखांची बाई हातात अणू धरून उभी आहे. पंख कलेचे, अणू विज्ञानाचा. ती घडवली टीव्हीच्याच एका इंजिनिअरने, लुई मॅकमॅनस त्याचं नाव, आणि समोर उभं केलं स्वतःच्या बायकोला. एमी हे नावसुद्धा कोण्या बाईचं नव्हे. जुन्या कॅमेऱ्यांत 'इमेज ऑर्थिकॉन' नावाची नळी असायची, तंत्रज्ञ तिला लाडाने इमी म्हणत, त्याचं एमी झालं. म्हणजे पुरस्काराचं नाव यंत्राच्या भागावरून, आणि घडवणारा इंजिनिअर. पहिला सोहळा १९४९ च्या जानेवारीत झाला, अवघे सहा पुरस्कार होते.

कात्री · १७ सप्टेंबर, दुपारी २.१०

आजोबा, नमस्कार. हे नळीचं मला माहीत नव्हतं. आज स्टुडिओत सगळ्यांना सांगणार.

गोधडी · १७ सप्टेंबर, दुपारी ३.४५

मी थोडं वेगळं मत मांडते, राग मानू नये.

माझ्या सासूबाई चार वर्षं अंथरुणाला आहेत. संध्याकाळी सात ते साडेनऊ त्यांच्या मालिका असतात. त्या वेळात त्या दुखतंय म्हणत नाहीत. मालिकेतल्या सुनेवर चिडतात, तिच्या आईची काळजी करतात, जाहिरात लागली की मला हाक मारून काय झालं ते सांगतात. मागे मतदान होतं तेव्हा त्यांनी मला मोबाइलवरून आवडत्या कुटुंबाला मत द्यायला लावलं. माझं बोट धरून खात्री करून घेतली की बटण बरोबर दाबलं. त्या कुटुंबाला पुरस्कार मिळाला त्या दिवशी त्यांनी साखर मागितली. मधुमेह आहे त्यांना, चिमूटभर दिली.

आता त्यांच्या त्या मताला किंमत नाही का? वीस हजार तज्ज्ञांनी ठरवलं म्हणजे मोठं आणि अंथरुणावरच्या बाईने ठरवलं म्हणजे छोटं, असं मला नाही पटत. सर्वोत्कृष्ट सासू या पुरस्काराला लोक नाकं मुरडतात, पण आमच्या घरी त्या पुरस्काराने आनंद आला.

आणि दुसरं. एमीच्या त्या मालिका आठ-दहा भागांच्या. 'अ‍ॅडोलसन्स' तर चारच. आपली माणसं रोज एक भाग देतात, वर्षाचे तीनशे. तालमीला आठवडे कुठून आणणार? तुलना करताना हे धरायला नको का?

कात्री · १७ सप्टेंबर, रात्री १०.२०

गोधडी ताई, राग कसला. तुमच्या सासूबाईंच्या मताला किंमत आहे, आणि ती माझ्यासाठी फार मोठी आहे, कारण त्या दुखणं विसरतात त्या अडीच तासांतला अर्धा तास कधी तरी मी लावलेला असू शकतो. त्यांचा पुरस्कार काढा असं मी म्हणणार नाही. माझं मागणं वाढवायचं आहे, काही कमी करायचं नाही.

पण रोजच्या भागांचं जे म्हणालात, तिथे मी अडते. अमेरिकेतही रोजच्या मालिका आहेत, दुपारी लागणाऱ्या, पन्नास-पन्नास वर्षं चाललेल्या. त्यांना 'प्राइमटाइम'मध्ये, म्हणजे आपण बोलतोय त्या एमीत, कोणी उभं करत नाही. त्यांचा 'डेटाइम एमी' वेगळा आहे, १९७४ पासून त्याचा सोहळाही स्वतंत्र होतो. आणि त्यातसुद्धा संकलनाला पुरस्कार दिला गेलाय, ध्वनीला, प्रकाशयोजनेला, रंगभूषेलाही. रोजचं काम आहे म्हणून त्याचा कस बघायचा नाही असं त्यांनी केलं नाही. रोजच्या कामाचा कस वेगळा असतो, तो ओळखणारी माणसं बसवली, एवढंच.

कसला कस ते सांगते. परवाचा एक सीन. सुनेच्या माहेरून शिधा येतो, सासू ताट उचलून बाजूला ठेवते. बस्स, एवढाच प्रसंग. कॅमेरे तीन. नेहमीची रीत म्हणजे ताट ठेवल्याचा आवाज, मग सुनेचा चेहरा, नणंदेचा चेहरा, दिराचा चेहरा, प्रत्येकावर ढॅण. वेळ भरायला ते बरं पडतं, कारण एपिसोडची लांबी तर गाठायचीच असते. पण त्या दिवशी सासूचं काम करणाऱ्या ताईंनी ताट ठेवल्यावर त्याची कड एकदा बोटाने पुसली होती. लेखनात नव्हतं, दिग्दर्शकाने सांगितलेलं नव्हतं. मॉनिटरवरही कोणाच्या लक्षात आलं नसणार, कारण तिसऱ्या कॅमेऱ्यावर, कडेला होतं. मला पहाटे तीनला सापडलं. मी सगळे चेहरे काढले आणि ते बोट ठेवलं, चार सेकंद, संगीत न लावता. ती बाई वाईट नाही, तिला ते ताट हवं होतं, हे त्या चार सेकंदांत कळतं.

तुमच्या सासूबाईंनी ते पाहिलं असेल तर त्यांना काहीतरी वाटलं असेल. ते कोणामुळे वाटलं हे त्यांना कळायची गरज नाही. पण माझ्या धंद्यातल्या कोणीतरी पाहून "तो बोटाचा शॉट कुणी ठेवला?" असं विचारावं, एवढंच मला हवंय.

गोधडी · १७ सप्टेंबर, रात्री १०.५०

ताई, आठवतोय तो सीन. आमच्याकडे त्यावर बोलणं झालं होतं. सासूबाई म्हणाल्या, हिचं मन आहे त्यात पण बोलवत नाहीये. तुमचं म्हणणं आता समजलं.

रेसिडेंट · १८ सप्टेंबर, पहाटे ४.३०

पुण्यातल्या एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत आहे, आत्ता जरा शांत आहे म्हणून लिहितोय. 'द पिट'वर कोणी काही बोललं नाही म्हणून.

पंधरा भाग, हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीतली पंधरा तासांची एक पाळी, एकेक भाग म्हणजे एकेक तास. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. सिनेमात डॉक्टर दाखवले की मी उठून जातो, कारण सीपीआर चुकीचा देतात. इथे मी बसून राहिलो. रुग्ण गेल्यावर सगळा चमू क्षणभर हात बाजूला घेऊन उभा राहतो आणि मग पुढच्या बेडकडे जातो, तो क्षण मी स्वतः किती वेळा उभा राहिलोय. चार्ज नर्स डॅनाला चिडलेला पेशंट तोंडावर ठोसा मारतो, ते बघताना आमच्या एका सिस्टरांनी टीव्ही बंद केला. त्यांना गेल्या वर्षी नातेवाइकांनी ढकललं होतं. ती भूमिका करणाऱ्या कॅथरीन लानासाला पुरस्कार मिळाला हे मी सिस्टरांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, बरं झालं, नर्सला मिळाला.

त्यात मुख्य डॉक्टर झालेल्या नोआ वायलीला पूर्वी डॉक्टरच्याच भूमिकेसाठी ओळीने पाच वर्षं नामांकन होतं आणि एकदाही मिळालं नव्हतं. यंदा मिळालं. पाळीवर निघालेल्या आणि पाळी संपवून येणाऱ्या सगळ्यांना त्याने ते वाहिलं. मी तेव्हा रात्रपाळी संपवून जिन्यात बूट बदलत होतो.

कात्री ताई, तुमची पहाट तीनची, माझी चारची. बेड सातवर बोलावताहेत, जातो.

सिअ‍ॅटलकर · १८ सप्टेंबर, सकाळी ९.००

मूळचा सहकारनगरचा, आता इकडे. दोन गोष्टींची भर.

एक, व्हॉट्सअ‍ॅपवर 'भारताला पाच वर्षांपूर्वीच एमी मिळाला' असं फिरतंय. तो 'इंटरनॅशनल एमी'. तो अमेरिकेबाहेरच्या कामांसाठी असतो, संस्था वेगळी, सोहळा नोव्हेंबरात न्यूयॉर्कला. २०२० मध्ये 'दिल्ली क्राइम'ला ड्रामाचा मिळाला, २०२३ मध्ये वीर दासला विनोदी कार्यक्रमाचा. दोन्ही अभिमानाचेच, पण हा तो नव्हे.

दोन, परभाषेचं. गेल्या वर्षी 'शोगुन'ने १८ एमी घेतले. बहुतेक संवाद जपानी. अमेरिकन माणूस खाली अक्षरं वाचत टीव्ही बघत नाही असं इकडे वर्षानुवर्षं सांगितलं जायचं. त्याआधी २०२२ मध्ये 'स्क्विड गेम'साठी ली जंग-जे याला मुख्य अभिनेत्याचा मिळाला, तो कोरियन बोलूनच. म्हणजे मराठीला दार बंद आहे असं समजायचं कारण नाही.

यंदा निवेदकाने एक घड्याळ लावलं होतं. विजेत्याने ४५ सेकंदांत भाषण संपवायचं, जास्त घेतला तर मुलांच्या संस्थेला द्यायच्या देणगीतून सेकंदाला हजार डॉलर कमी. मला ते अजिबात आवडलं नाही. आयुष्यात एकदा माणूस तिथे उभा राहतो, त्याला घड्याळ कशाला दाखवायचं?

करंडक · १८ सप्टेंबर, रात्री ९.३०

आव्वाज कुणाचा? भरतच्या बाल्कनीत बसून घसा फाडलेल्यांपैकी मी एक. कात्री, आपल्याकडे असं काही नाहीच हे मला मान्य नाही. टीव्हीत नसेल, पण पुण्यात आहे.

कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेचा पुरुषोत्तम करंडक घ्या. १९६३ पासून महाराष्ट्रीय कलोपासक भरवतात. एकोणीस-वीस वर्षांची पोरं महिनाभर तालमी करून भरत नाट्य मंदिरात एकांकिका करतात आणि समोर परीक्षक म्हणून नाटकवाले बसलेले असतात. २०२२ साली परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. त्या तोडीचं काम झालं नाही म्हणाले. काय वादळ झालं होतं! मीही तेव्हा चिडलो होतो. आता वाटतं, जो करंडक नाकारला जाऊ शकतो तोच मिळाल्यावर झोप उडते. वाहिनीच्या सोहळ्यात 'यंदा सर्वोत्कृष्ट जोडी कुणीच नाही' असं कधी ऐकलंय?

आणि त्याच करंडकातून तयार झालेला निपुण धर्माधिकारी. त्याच्या 'लंपन'ला २०२४ च्या इफ्फीत, म्हणजे गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, सर्वोत्कृष्ट वेबमालिकेचा पुरस्कार मिळाला. इफ्फीने हा पुरस्कार २०२३ पासूनच सुरू केलाय, पहिल्या वर्षी 'पंचायत'च्या दुसऱ्या सीझनला, दुसऱ्याच वर्षी मराठीला. प्रकाश नारायण संतांच्या कथांवरची मालिका, देशभरातल्या भाषांतून निवडून आलेली. आपल्या पेपरांत त्यावर जितकं यायला हवं होतं तितकं आलं नाही.

मात्र तिथेही पुरस्कार अख्ख्या मालिकेला. संकलक, ध्वनी, कॅमेरा यांना वेगळा नाही. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सिनेमाच्या संकलकाला, ध्वनीवाल्याला केव्हापासून मिळतोय. टीव्हीच्या संकलकाने काय पाप केलंय?

मुठेकाठी · १८ सप्टेंबर, रात्री १०.००

+१. आणि टीव्हीचं शिक्षण तर आपल्याच गावात आहे. फिल्म इन्स्टिट्यूट १९६० मध्ये प्रभातच्या जागेत सुरू झाली, दिल्लीत असलेला टीव्हीचा विभाग १९७४ ला लॉ कॉलेज रोडवर आला. पन्नास वर्षं इथे टीव्हीचे संकलक, कॅमेरामन, ध्वनीवाले तयार होताहेत. त्यांच्यातल्याच दहा जणांनी वर्षातून एकदा बसून मराठी मालिकांचे भाग पाहावेत आणि फक्त तांत्रिक पुरस्कार द्यावेत. सोहळा नको, डान्स नको. छोटं सभागृह, बटाटेवडा आणि चहा. पैशांचं आपण बघू.

कात्री, पण आधी एक विचारतो. दादांना सांगितलंस का?

कात्री · १८ सप्टेंबर, रात्री ११.३०

नाही अजून.

वाड्यातले आजोबा · १९ सप्टेंबर, सकाळी ६.४५

सांगून टाक बाळ. मुठेकाठी, सभागृहाचं काम माझ्याकडे लागलं. आमच्या पेठेत एक आहे, विश्वस्त ओळखीचे आहेत. बटाटेवडाही माझ्याकडे.

कात्री · २३ सप्टेंबर, रात्री १२.१०

उशीर झाला लिहायला. काल घटस्थापना होती, स्टुडिओला अर्धी सुट्टी मिळाली.

सांगायचं तर रिकाम्या हाताने जायला नको वाटत होतं. म्हणून रविवारी माळ्यावरची जुन्या हार्ड डिस्कची खोकी उतरवली. त्या सोहळ्याचा प्रोजेक्ट सापडला, उघडलाही. पण सगळी टाइमलाइन लाल. मीडिया ऑफलाइन. फुटेज केव्हाच पुसलं गेलंय, डिस्क महाग, कोण ठेवतंय. बंद करणार तेवढ्यात आठवलं की पहिला लांब कट मी मिक्सिंगला पाठवला होता, टेक्निकल काढायच्या आधीचा. मिक्सिंगला जाणाऱ्या फाइलमध्ये चित्र हलकं असतं, ते गेलेलं होतं, पण आवाज त्यातच बांधलेला असतो. तो होता. ३८ सेकंद, सगळे माइक वेगवेगळ्या ट्रॅकवर.

काल दुपारी बिबवेवाडीला गेले. दादा आता मालिका करत नाहीत, जाहिरातींचं डबिंग घेतात. आई आहेत, ८२ वर्षांच्या, कमी ऐकू येतं. घट बसवलेला, दिव्याला तेल घालत होत्या. मी आधी दादांना सांगितलं. "दादा, ते राहिलं नव्हतं, मी कापलं होतं." ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला माहीत होतं गं. तो सोहळा तूच लावत होतीस, दुसरं कोण कापणार? तुला सांगितलं असणार वरून." सात वर्षं माहीत होतं त्यांना.

मग लॅपटॉप उघडला. दादांनी स्वतःचा हेडफोन आईंच्या कानाला लावला, आवाज वाढवला. आई डोळे मिटून ऐकत होत्या. नाव पुकारलं, टाळ्या झाल्या, पावलं वाजली, माइक खाली केल्याचा तो बारीकसा खरडल्यासारखा आवाज, आणि मग दादांची दोन वाक्यं. त्यातलं पहिलं आईंबद्दल होतं. संपल्यावर आईंनी हेडफोन काढला नाही, बोटाने खूण केली, परत लाव. तीनदा ऐकलं.

चौथ्यांदा दादांनी ऐकलं. ऐकून म्हणाले, "टाळ्यांचा ट्रॅक फार खाली ठेवलाय. आणि निवेदिकेचा लेपल माइक घासतोय बघ, बांगडीला. कुणी केलं होतं रेकॉर्डिंग?" मग खुर्ची ओढून बसले आणि मला म्हणाले, "दे इकडे, नीट करून देतो."

अर्ध्या तासात नीट केलं. फाइल आईंच्या मोबाइलवर टाकलीय.

मुठेकाठी, दहा जणांत ध्वनीसाठी एक नाव माझ्याकडून धर. दादा येतो म्हणालेत.